केसभर पुढं

राजी गेली त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला रमाकांतची फियाट नीट चालली होती. निदान त्याला तसं वाटत होतं.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या रस्त्यालगत त्याचं गॅरेज आणि त्याच्या मागं दोन खोल्यांचं घर. अंगणात चिंचेखाली ती गाडी उभी असायची. जुनी डुक्कर फियाट. पुढून नाक फेंदारल्यासारखी दिसते म्हणून सगळा मुलूख तिला त्याच नावानं ओळखतो. त्या दिवशी बॉनेट उघडं होतं आणि इंजिन चालू होतं. रमाकांतचा एक हात डिस्ट्रिब्यूटरवर आणि दुसऱ्या हातात पाना. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे इंजिनाला बसवलेला एक लहान डबा. तो फिरवला की प्लगमधली ठिणगी आधी पडते किंवा उशिरा पडते. रमाकांत तो केसभर पुढं करत होता, केसभर मागं करत होता. फोन आत खोलीत, खिडकीत चार्जिंगला लावलेला. त्यावर नऊ फोन येऊन गेले. त्याला एकही ऐकू आला नाही.

फाटकात कुणीतरी उभं आहे असं वाटून त्यानं मान वर केली. हिंदुराव होते. राजीचे वडील. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण हा माणूस या फाटकात कधी आला नव्हता. रस्त्यावर मोटरसायकल घेऊन त्यांच्या गावातला कुणीतरी थांबला होता.

रमाकांतच्या मनात आलं, पोरीनं बापाला वळवलं. राजी पाच दिवस बारामतीला हॉस्पिटलात होती. डेंग्यू. पण आदल्या दिवशी ताप उतरला होता आणि सकाळी हिंदुराव तिला बघायला जाणार होते, हे त्याला माहीत होतं. तिनंच पाठवलं असेल... गाडी घेऊन लवकर या म्हणून. त्यानं घाईघाईनं फडक्याला हात पुसले. इंजिन मात्र बंद केलं नाही.

"या ना आबा," तो म्हणाला. "बरं झालं आलात. जरा ऐका ना. मला कळत नाही. इंजिन ठोकतंय का?"

हिंदुराव इंजिनाकडं बघत उभे राहिले.

"गाडी बंद कर," ते म्हणाले.

"म्हणजे ठोकतंय?"

"रमाकांत. गाडी बंद कर."

त्यांनी त्याला नावानं हाक मारली ती पहिल्यांदा. रमाकांतनं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि मग खिडकीतला फोन वाजतोय हे त्याला ऐकू आलं.

*

आता मागचं सांगायला हवं, नाहीतर या माणसाला त्या वेळी गाडीचं काय पडलं होतं, असं कुणालाही वाटेल.

रमाकांत वाढला वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये. वडील नोकरीत. तो स्वतः पुण्याजवळ एका प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या मशीनांच्या गडगडाटात, सहा वर्षं होता. मग नोकरी सोडून भवानीनगरला जुन्या गाड्यांचं गॅरेज टाकलं. वालचंदनगरला एका निवृत्त इंजिनिअरच्या बंगल्यात ही फियाट ताडपत्रीखाली वीस वर्षं पडली होती. ती भंगारात जाणार होती. रमाकांतनं ती ओढून आणली आणि दोन वर्षं तिच्यावर घालवली. ती पहिल्यांदा रस्त्यावर आली तो दिवस जानेवारीतला होता. कारखाना जोरात होता, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थेट मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती. आणि बरोबर गेटासमोर फियाट तापली आणि थांबली.

मागून स्कूटीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग हॉर्न थांबला आणि आवाज आला —

"अवो डुकरावाले. बाजूला घेताय, का आमी इंदापूरवरनं वळसा घालून येऊ?"

त्यानं वळून बघितलं. डोक्याला, तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली. फक्त डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. मजा चालली होती.

"गरम झालीय," तो म्हणाला. "दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांनी गार हुईल आणि पुढल्या चढाला परत तापंल. ठिणगी उशिरा पडतीय तिची."

"काय म्हणालात?"

"टायमिंग मागं हाय म्हणलं. कोपऱ्यापासनं ऐकतीय मी. दमेकऱ्यागत चाललीय बिचारी."

रमाकांतला हे लागलं. "टायमिंग पुस्तकाप्रमाणं लावलंय. बरोबर खुणेवर."

"कुठलं पुस्तक?"

"गाडीबरोबर आलेलं. मूळ पुस्तक."

"म्हंजी माझ्या आज्याच्या लग्नातलं." तिनं स्कूटी स्टँडवर लावली आणि बॉनेटपाशी आली. "अवो, त्या पुस्तकातलं पेट्रोल आता मिळतं का कुठं? आता त्यात आमचा ऊस हाय. हितं कारखान्यात त्याचं स्पिरिट करत्यात, मी लॅबात तपासती, मग टँकर डेपोला जातो आन् तितं ते पेट्रोलात मिसळत्यात. जुन्या पेट्रोलपेक्षा ह्याला जरा आधी ठिणगी लागती. पुस्तकाला काय म्हाईत?"

मागच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर हसला. रमाकांतनं पाना काढला, बोल्ट सैल केला, गाडी चालू केली. ती डोळे मिटून उभी राहिली, एक बोट वर धरून.

"पुढं घ्या... केसभर. अजून. अजून... बास. हलवू नका."

गाडीचा आवाज बदलला होता. तेवढं त्यालाही कळलं. हाताखाली इंजिनाची थरथर कमी झाली होती.

"कुठं शिकलात हे?"

"आबांची जुनी जीप हाय. मी सीटवर बसून पाय द्यायची, आबा बाहीर फिरवायचे. चुकलं की बॉनेटवर पाना आपटायचे." तिनं स्कूटी चालू केली. "तुमी पुस्तकातनं शिकला, आमी बोलणी खाऊन."

ती गेली. नाव विचारायचं राहिलं. तोंडही बघायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी शिफ्ट सुटायच्या वेळेला तो लॅबच्या बाजूच्या गेटाला जाऊन उभा राहिला. बायका-माणसं बाहेर पडत होती. एक निमगोरी मुलगी त्याच्याजवळून गेली, पुढच्या टपरीवरनं काहीतरी घेऊन परत आली, परत गेली. तिसऱ्यांदा ती समोर थांबली.

"काय डुकरावाले, कुणाची वाट बघताय?"

तो आवाज ओळखून त्याचे कान तापले.

"एका बाईंची," तो म्हणाला.

"दिसायला कशा हायत?"

"ते माहीत नाही. कान चांगले आहेत त्यांचे."

ती हसली. हसताना तिनं मान खाली घातली, पण नजर वरच ठेवली. रमाकांत पुढं पुष्कळ दिवस ती नजर आठवत होता. अजूनही आठवतो.

तिचं नाव राजलक्ष्मी. घरी राजी. वडगाव निंबाळकरच्या हिंदुरावांची थोरली. बारामतीला कॉलेज करून ती या कारखान्यात लागली होती आणि मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. बोलायचं ठरवलं तर पुस्तकी बोलता यायचं तिला, पण ती ठरवायची नाही.

त्यानंतर दर रविवारी फियाट कालव्याच्या पुलावर दिसायला लागली. कारण साधं होतं. टायमिंग लावलं की गाडी चढावर टॉप गिअरमध्ये ओढून बघावी लागते. ठिणगी फार आधी पडत असेल तर इंजिन ठोकतं. बारीक आवाज येतो. तो आवाज जिथं सुरू होतो तिथून केसभर मागं यायचं, की टायमिंग बरोबर. पुलाचा चढ भवानीनगरपासून जवळ होता. कारण खरंच साधं होतं... पण टायमिंग एका रविवारात लागतं, आणि ह्यांचं दीड महिना चाललं होतं.

ती शेजारी बसायची, काच खाली करून, डोळे मिटून. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर यायचे. ती ते बाजूला करायची नाही, कारण तिचं सगळं लक्ष कानात असायचं. मळीचा वास, पाण्याचा वास. रमाकांत रस्त्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघायचा.

"आला. ऐकला का?" ती एकदा म्हणाली. "पत्र्यावर ज्वारीचं दाणं टाकल्यागत."

"हो," तो म्हणाला. "स्पष्ट."

पूल संपला. "थांबव गाडी," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं.

"काय झालं?"

"आवाज न्हवता. मी उगाच म्हणलं."

रमाकांत स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"मागल्या रविवारपासनं संशय हाय मला," ती म्हणाली. "आवाज येतो तवा तू गप्प, मी बोलले की मग मान हलवतोस. तुला ऐकूच येत न्हाय तो."

मग त्यानं सांगितलं. प्रेस शॉपमधली सहा वर्षं. कानात घालायला बोळे द्यायचे. तो काढून खिशात टाकायचा, कारण बाकीचे घालायचे नाहीत आणि घालणाऱ्याला हसायचे. हळूहळू बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक, पाखरं, शिट्टी. मोठं सगळं ऐकू यायचं, म्हणून कुणाला कळलं नाही. "गॅरेजवाल्याला इंजिन ऐकू येत नाही म्हटल्यावर गाडी कोण देईल मला? म्हणून पुस्तक धरून बसतो."

कालव्याच्या पाण्यावरून एक टिटवी गेली. ती ओरडली असेल.

"आन् माझा आवाज?" तिनं विचारलं.

"तुझा येतो."

"समदा?"

"टोमणे तर एकूणएक."

तिनं पर्स उघडली. गुलाबी नेलपॉलिशची बाटली काढली, खाली उतरली, स्वतःच बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्यूटरपासून खाली इंजिनापर्यंत एक बारीक उभी रेघ ओढली. डबा हलला की रेघ तुटणार, जाग्यावर आला की जुळणार.

"ही रेघ जुळली की समज, मी ऐकलंय," ती म्हणाली. "आजपासनं ऐकायचं काम माझं. फिरवायचं तुझं."

"किती दिवस?"

ती बाटलीचं झाकण लावत होती. ते आधीच लागलेलं होतं, तरी ती लावत राहिली.

"पेट्रोल काय बदलायचं थांबतंय होय..." ती पाण्याकडं बघत म्हणाली.

लग्नाचं बोलणं झालं ते एवढंच. तेवढ्यात सगळं बोलून झालं होतं.

*

वडगावला मागणी घालायला रमाकांत एकटाच गेला. राजीनं सांगितलं होतं, "गाडीनंच जा. आबांस्नी जुनी गाडी आवडती. दारात गाडी चांगली वाजली की अर्धं काम झालं." आदल्या रविवारी तिनं ऐकून टायमिंग लावून दिलं होतं. रेघ जुळलेली होती, बोल्ट आवळलेला होता.

सकाळी निघताना रमाकांतनं बॉनेट उघडलं आणि बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर केसभर पुढं घेतला. का, हे त्यानं स्वतःला पुढं हजार वेळा विचारलं. गाडी जरा चपळ वाटावी म्हणून. होणाऱ्या सासऱ्याच्या अंगणात ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर उडी घेऊन जावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

हिंदुराव गोठ्यासमोर खाटेवर बसले होते. उठले नाहीत. प्रयागबाईंनी, म्हणजे राजीच्या आईनं, पाणी दिलं आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या.

"गाडी कुणी लावली?" हिंदुरावांनी विचारलं.

"मीच."

"ठोकतीय."

"नाही आबा, टायमिंग अगदी —"

"रस्त्यापासनं ठोकत आलीय. चार रानं पलीकडनं ऐकतोय मी. तुला ऐकू न्हाय आलं?"

रमाकांत गप्प बसला. हिंदुरावांनी त्याच्याकडं नीट बघितलं. इंजिन ऐकणारा माणूस होता तो. गप्प बसलेल्या माणसाचंही त्याला कळलं.

"तुला ऐकूच येत न्हाय," ते म्हणाले. "तू आमच्यातला न्हाईस, ते मी पोरीकडं बघून गिळलं असतं. पण इंजिन एवढं वरडतंय ते ज्याला कळंना, त्याला घरातली बाई काय बोलली ते काय कळायचंय. जा तू."

राजी बारामतीच्या एसटी स्टँडवर वाट बघत होती. तिनं त्याचा चेहरा बघितला. सरळ बॉनेट उघडलं. गुलाबी रेघ तुटलेली होती. वरचा तुकडा खालच्याच्या केसभर पुढं.

"हलवलीस."

"थोडी."

"का?"

त्यानं कारण सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बॉनेट हळू खाली सोडलं आणि म्हणाली, "मी ऐकलेलं पुरं न्हाय पडलं तुला."

दोन महिन्यांनी त्यांनी बारामतीत नोंदणी करून लग्न केलं. लॅबमधले दोघं साक्षीला आले. वडगावहून निरोप आला की पोरीनं एकटीनं यायला हरकत नाही. राजीनं उलट निरोप पाठवला — येईन तर दोघं येऊ. मग दोघंही गेले नाहीत. प्रयागबाई अधूनमधून बारामतीला बाजाराच्या निमित्तानं भेटायच्या, पिशवीत काहीबाही घेऊन. आणि हिंदुराव दर वेळी त्यांना नेमकं विचारायचे, गाडीचं काय झालं.

पहिल्या वर्षीच राजी म्हणाली, "आबांचा राग उतरलाय. चल, एसटीनं जाऊन येऊ."

"गाडीनंच जायचं," रमाकांत म्हणाला. "त्याच अंगणात. आवाज न करता."

"आरं, ते विसरलं असतील."

"तुझे आबा? आवाज विसरतील?"

ती हसली. विषय संपला. तसा तो बरेचदा संपला.

दर वेळी कारण वेगळं असायचं, आणि खरं असायचं. हेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं. पेट्रोलातला ऊस दहा टक्के झाला आणि टायमिंग परत लावावं लागलं; राजीनं गुलाबीशेजारी दुसरी, लाल रेघ ओढली. मग त्या पेट्रोलानं जुन्या रबरी नळ्या फुगल्या. पंपातला पडदा गेला. कार्ब्युरेटर उघडावा लागला. पुण्याहून सामान मागवायचं, वाट बघायची. उसाचं गळीत सुरू झालं की तिला सुट्टी नाही. चार दिवाळ्या गेल्या. प्रत्येक दिवाळीला ती म्हणायची, "ठोकली तर ठोकली. जाऊ." तो म्हणायचा, "जराच राहिलंय."

तिला वाईट कधी वाटायचं ते त्याला कळायचं नाही असं नाही. भाऊबीजेला ती घर उगाच दोनदा झाडायची. ते त्याला दिसायचं. तो बॉनेट उघडायचा.

पेट्रोल वीस टक्क्यांचं झालं तेव्हा सगळं पहिल्यापासून लावायला लागलं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि दोघं पुलावर गेले. राजी डोळे मिटून बसली. उतरताना म्हणाली, "केसभर राहिलंय. आज नको, अंग दुखतंय माझं. पुढल्या रविवारी करू." म्हणून तिनं तिसरी रेघ ओढली नाही. बोल्टही हातानंच लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताप आला.

हॉस्पिटलातल्या चौथ्या दिवशी तो उतरला. ती थकलेली होती, ओठ सुकले होते, पण बोलत होती. प्रयागबाई उशाशी होत्या.

"आबा उद्या येणार हायत बघायला," राजी म्हणाली. "आईनं फोन केलाय. मी बोलती त्यांच्यासंगं. उद्या मला सोडलं की एसटी नको, रिक्षा नको. फियाट घेऊन ये. आधी वडगाव, मग घर."

"वडगाव उलट्या बाजूला आहे."

"मला म्हाईत न्हाय होय? माझंच गाव हाय ते. पडू दे उलटं."

"केसभर राहिलंय ना पण."

"राहू दे."

"आणि ठोकली तर?"

"ठोकू दे की रं." तिनं त्याचा अंगठा धरला, त्यावरचा काळा डाग ती नेहमी नखानं खरवडायची, तसा खरवडत राहिली. "ठोकली तर आबा हसतील. लई दिवस झालं, आबा हसलेलं बघितलं न्हाय मी. ऐक माझं. टायमिंगला हात लावू नको. हाय तशी आण. सकाळी लवकर ये."

"बरं," तो म्हणाला.

सकाळी आठला तो घरी गाडीपाशी उभा होता. किल्ली हातात होती. तसाच निघाला असता तर पावणेनऊला पोचला असता. त्याच्या मनात आलं, हिंदुराव तिथंच असतील. गाडी हॉस्पिटलच्या दारात शिरताना ऐकतील. केसभरच तर आहे... अर्ध्या तासाचं काम. त्यानं बॉनेट उघडलं.

अर्ध्या तासाचं काम त्याला जमलं नाही, कारण ते त्याच्यानं होण्यासारखं नव्हतंच. पुढं घेतलं तरी त्याला सारखंच वाटायचं, मागं घेतलं तरी सारखंच. नऊ वाजले, दहा वाजले. दोनदा तो पुलावर जाऊन आला. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

साडेनऊला राजीचा रक्तदाब एकदम खाली गेला. डॉक्टर म्हणाले, या तापात असं होतं. उतरल्यावरच सांभाळायचं असतं. त्यांनी सगळं केलं. सव्वादहाला ती गेली. आई जवळ होती. वडील जवळ होते.

*

वर्ष झालं. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी फाटकाबाहेर जीप थांबली. जुनी जीप, पण आवाज असा की रमाकांतलाही कळावं, टायमिंग जिथल्या तिथं आहे. हिंदुराव एकटेच होते. त्यांनी अंगणात येऊन चिंचेखाली बघितलं. फियाटवर ताडपत्री होती.

रमाकांतनं चहा केला. दोघं पायरीवर बसले.

"त्या दिशी मी तितं थांबलो हुतो," हिंदुराव फाटकाकडं बघत म्हणाले. "तू मान वर करायच्या आदी. लई येळ. गाडीचा आवाज ऐकत."

रमाकांतनं वर्षभर हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. विचारण्यासारखं माणूस एवढंच होतं.

"ठोकत होतं का, आबा?"

हिंदुरावांनी कप खाली ठेवला.

"मला काय ऐकू येत हुतं व्हय तवा," ते म्हणाले.

रस्त्यानं उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला. गळीत सुरू व्हायचं होतं.

"त्या दिशी सकाळी बोलली ती माझ्यासंगं," हिंदुराव म्हणाले. "म्हणली, आबा, ते गाडी घेऊन येतील. ठोकली तर बोलू नका त्यास्नी. त्यास्नी ऐकू येत न्हाय, ते माझ्या कानानं ऐकत्यात. मी म्हणलं, बोलत न्हाय. तर म्हणली, केसभर राहिलंय, तुमी ऐकून द्या." त्यांनी नाक पुसलं. "हसलो मी. तिनं बघितलं हसताना."

रमाकांत पायरीवरची माती अंगठ्यानं उकरत होता.

"काढ ती ताडपत्री," हिंदुराव म्हणाले. "चालू कर. मी बसतो शेजारी, ऐकतो. तू फिरव."

रमाकांत उठला. खिडकीत नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या, गुलाबी आणि लाल. गुलाबी वाळून गेली होती. लालमध्ये तळाला थोडं होतं. त्यानं ती बाटली हलवून बघितली आणि परत ठेवली.

"पुढच्या रविवारी करू, आबा," तो बाहेर येऊन म्हणाला.

"बरं," हिंदुराव म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आले. त्याच्या पुढच्याही आले. आता दर रविवारी येतात. वडगावहून भवानीनगर बरंच लांब पडतं, पण येतात. प्रयागबाईंनी दिलेलं काही असतं पिशवीत. चहा होतो, उसाचं बोलणं होतं, जीपचं बोलणं होतं. निघताना हिंदुराव एकदा चिंचेखाली बघतात. रमाकांत म्हणतो, पुढच्या रविवारी. ते म्हणतात, बरं.

डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट अजून सैल आहे. तिसरी रेघ ओढायची राहिली आहे. गाडी वडगावला न्यायची राहिली आहे.